तांबड्यांचं पाणी

प्रिय धाकट्या,

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करायची असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून तो शब्द लिहिलाय. सध्या तुझ्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते त्या शब्दात बसत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हे चाळीस वर्षं चालत आलंय. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

काल दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काच घासत होते, मशीन चालू होतं, त्यामुळे आधी तिचं अर्धंच ऐकू आलं. मशीन बंद करून पुन्हा विचारलं. तुलाही बाबांचाच किडनीचा आजार निघालाय, चार महिने झाले, हे मला तिच्याकडून कळलं. क्रिएटिनिन वाढलंय, पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलंय. डॉक्टरांनी काय खायचं नि काय नाही याचा कागद दिलाय. तो कागद तू फ्रिजवर चिकटवलास, आणि त्याच फ्रिजमधून रोज सकाळी मोठा पेला भरून तांबड्यांचं पाणी काढून पितोस. रोज. "ताई, माझं काही ऐकत नाहीत हो ते, तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली. मी म्हटलं, त्याला मला विचारायला सांग, मी दोन वर्षं हेच करत होते. त्यावर ती चाचरत म्हणाली की तिने तसं सुचवून पाहिलं होतं. तू म्हणालास, "तिला काय विचारायचं? तिने बाबांना उपाशी मारलं."

बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं. पाच-सहा वेळा सॉरी म्हणाली. तिच्यावर ओरडू नकोस. ती घाबरली आहे आणि तिचं घाबरणं बरोबर आहे.

नंतर मी मशीन चालू केलं आणि एका माणसाची डावी काच उजव्या डोळ्याच्या मापाची घासून ठेवली. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मालकांनी ती काच उचलून बाजूला ठेवली. ती वाया गेलेली काचसुद्धा मी तुझ्याच नावावर धरते.

तुझ्या बायकोने एका व्हिडिओचंही सांगितलं. कोणीतरी दाढीवाला गृहस्थ सांगतो की अझुकीचे दाणे, म्हणजे आपले तांबडे, चवळीसारखं ते बारीक लाल कडधान्य, किडनीच्या आकाराचे असतात म्हणून किडनीला अमृत आहेत, आणि सगळं सत्त्व त्यांच्या पाण्यात उतरतं. तू तो व्हिडिओ आल्या-गेल्याला दाखवतोस म्हणे. अरे शहाण्या, आकारावरून गुण येत असते तर लहानपणी तू डबे फोडून जेवढे अक्रोड खाल्लेस तेवढ्यात तुला मेंदू फुटायला हवा होता. लिफ्ट दुरुस्त करताना तू दोर तपासतोस की लिफ्टच्या रंगाकडे बघून तिचं वजन ठरवतोस? कामावर असं वागलास तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र काहीही चालतं.

पण मला माहीत आहे, तुझा विश्वास व्हिडिओवर नाही. तुझा विश्वास त्या कपावर आहे. व्हिडिओ फक्त तुझ्या मनातलं बोलला.

तो कप माझ्याही लक्षात आहे, तुझ्यापेक्षा जास्त, कारण तू तेव्हा चार वर्षांचा होतास आणि मी दहाची. आई गेली आणि बाबांना स्वयंपाकातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. दिवसभर लोकांचे नळ आणि तुंबलेले पाइप, संध्याकाळी सहाला घरी, हाताला ग्रीसचा वास. कुणीतरी त्यांना सांगितलं की अझुकी भिजत घालावे लागत नाहीत, दाणा बारीक, तासाभरात शिजतो. बस, तेवढ्यावर त्यांनी संसार चालवला. पाकिटावरचं नाव त्यांच्या तोंडात बसेना म्हणून ते 'तांबडे' म्हणायचे. तांबडे आणि भात, तांबडे आणि पाव, तांबडे कुस्करून त्यावर कांदा. दाणे शिजेपर्यंत तू भूक भूक करून घर डोक्यावर घ्यायचास, म्हणून ते अर्ध्यातच भांड्यातून लालभडक पाणी दोन कपांत काढायचे, चिमूटभर मीठ टाकायचे आणि म्हणायचे, "घ्या, ताकद इथेच आहे, खाली नुसता चोथा." तू ते खरं मानलंस. मीही मानलं. त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्यांना तुला वीस मिनिटं गप्प करायचं होतं.

आणि ते खोटंही नव्हतं, हे आधी लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील ताईला त्या दाण्यांचं वावडं आहे. तांबडे चांगलेच असतात. एका वाटीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं, वर लोह, फोलेट, भरपूर तंतू. पोट भरतं, साखर झटकन वाढत नाही. आपण दोघं त्यावर वाढलो आणि धडधाकट वाढलो. पण त्याच वाटीत पोटॅशियमही पाचशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं. चांगली किडनी नको असलेलं पोटॅशियम बाहेर टाकते, आपल्याला कळतही नाही. आजारी किडनी टाकू शकत नाही. ते रक्तात साठतं आणि एक दिवस हृदयाचे ठोके चुकायला लागतात. शिजताना त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. म्हणजे तुझा दाढीवाला अर्धं बरोबर सांगतो, पाण्यात उतरतं. काय उतरतं ते त्याने विचारलं नाही, आणि तूही नाही.

बाबांचं निदान झालं तेव्हा हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी मला हे सगळं एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. त्या तर म्हणाल्या, कडधान्यं बंदच करा. बाबा एवढंसं तोंड करून म्हणाले, "बाई, सिगारेट कधी ओढली नाही, दारू कधी प्यायलो नाही, एवढे तांबडे तरी ठेवा." बाईंना हसू आलं. मग त्यांनी पद्धत सांगितली. आठ-दहा तास भरपूर पाण्यात भिजवायचे, ते पाणी ओतायचं. नव्या भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळायचे, तेही ओतायचं. तिसऱ्या पाण्यात मऊ शिजवायचे, तेही गाळून टाकायचं. उरतील त्यातले अर्धी छोटी वाटी, आठवड्यातून दोनदा, रक्ताचा रिपोर्ट बघून.

अशा दाण्यांना काय चव राहणार? बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "हे तांबडे नाहीत, हे तांबड्यांचे फोटो आहेत." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांचे पाइप साफ केले आणि माझेच तुंबले, वर पोरगी मला पुठ्ठा खायला घालते." त्यांची थट्टा तुला माहीत आहे, वर हसायचे आणि आत खरंच दुखलेलं असायचं. मी कांदा काळपट होईपर्यंत परतायला शिकले. लसूण सालीसकट भाजून चोळायला शिकले. मिरपूड, आलं, व्हिनेगरचे दोन थेंब, वरून कच्चा कांदा. मीठ जवळजवळ नाही. कमी सोडियमचं मीठ एकदा आणलं होतं, तर त्यात सगळं पोटॅशियमच असतं असं कळलं, ते डब्यासकट टाकलं. सकाळी कामावर जाण्याआधी भिजलेले उपसायचे, आल्यावर दोनदा उकळायचे. आणि मीही तेच जेवत होते, त्यांच्यासमोर बसून, त्याच वाटीने, दोन वर्षं. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी तर नाहीच.

आता तुझ्या त्या आठ दिवसांबद्दल.

दुसऱ्या वर्षी तू आलास. आल्या आल्या घरात हसू आलं, ते मी नाकारत नाही. बाबा तुझ्याशी बोलायला उशा लावून बसायचे. सहाव्या दिवशी मी दुकानात असताना तू त्यांच्यासाठी जेवण केलंस. न भिजवता, एकाच पाण्यात, दाट, तांबडेलाल, लहानपणीसारखं. कपात पाणीसुद्धा दिलंस. मी आले तेव्हा बाबा दोन वाट्या संपवून बसले होते आणि तू मला बघून म्हणालास, "बघ, माणूस कसा जेवतो ते." मी भांडं उचललं आणि घासायला गेले. मी काही बोलले नाही, कारण बाबांचा चेहरा मी बघितला होता. दोन वर्षांत तो तसा दिसला नव्हता.

सातव्या दिवशी त्यांना जरा जड वाटत होतं, ते झोपून राहिले. आठव्या दिवशी सकाळी तू गाडीत बसलास. दुपारी त्यांना पलंगावरून उठता येईना. पाय लोण्याचे झाल्यासारखे, नाडी पंचेचाळीस. अँब्युलन्स आली. जिन्यावरून त्यांना खुर्चीत बसवून उतरवावं लागलं आणि शेजारचे सगळे दारात उभे राहून बघत होते. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ निघालं. तातडीचं डायलिसिस केलं, तीन दिवस मॉनिटरला लावून ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं, जास्त खाल्लं गेलं. डॉक्टर मला काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. तू पोचल्याचा फोन केलास तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते. मी म्हटलं, सगळं ठीक आहे, बाबा झोपलेत. त्यांनीच सांगितलं होतं, "त्याला कळवू नकोस. त्याने प्रेमाने केलं होतं. त्याला आयुष्यभर लागून राहील."

मी कळवलं नाही. मी तुला वाचवलं आणि तू काय केलंस? बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि तू सगळ्यांच्या मध्ये बसून रडत सांगितलंस, "माझ्या हातचं खाल्लं तेवढंच त्यांचं शेवटचं पोटभर जेवण. नाहीतर इथे त्यांना धुऊन काढलेलं खायला मिळायचं." आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणते, "अगं, म्हाताऱ्या माणसाला काय एवढं तोलून-मापून घालायचं?" मी कप विसळत होते. मी पुढचा कप घेतला. मला बोलता येत नाही हे तुम्हा सगळ्यांना सोयीचं पडतं. त्या घरात त्या दिवशी सगळ्यांना रडता आलं, मला आलं नाही, कारण रडले असते तर लोकांना वाटलं असतं, अपराधी वाटतंय तिला.

सात महिने झाले. सात महिने मी वाट बघितली की तू एकदा तरी म्हणशील, ताई, मी जास्त बोललो. नाही म्हणालास. उलट मनात ते घट्ट करत नेलंस, आणि आता त्याच्याच जोरावर रोज सकाळी पेला भरून पितोस. मी धुऊन घालत होते म्हणून बाबा गेले, तेव्हा न धुता प्यायलो तर मी जगेन, असा हिशेब तू मांडलायस ना? तू हे मला दाखवायला पितोस. नाही म्हणू नकोस, मी तुला ओळखते. माझ्यावर राग काढायला तू स्वतःचं हृदय बंद पाडायला निघालायस. यापेक्षा माझ्या खिडकीवर दगड मारला असतास तर परवडलं असतं.

पद्धत वर लिहिली आहे. ती तुझ्या बायकोला वाचायला दे, आणि हा कागद तुझ्या डॉक्टरांना दाखव. तुझा आजार बाबांच्या इतका पुढे गेलेला नाही, कदाचित ते तुला थोडं जास्त खाऊ देतील, कदाचित आणखी कमी. ते मी ठरवू शकत नाही आणि तूही नाहीस. पण दाणे शिजवलेलं पाणी कुठल्याच डॉक्टरांना चालणार नाही, हे मी लिहून देते. तोवर तांबडे बंद. ज्या दिवशी पाय जड वाटतील किंवा छातीत फडफडेल त्या दिवशी व्हिडिओ बघत बसू नकोस, सरळ हॉस्पिटलात जा.

इथे पत्र संपवणार होते. सही करायला पेन टेकवलं आणि वाटलं, यातलं तू काही मानणार नाहीस. तुझ्यासाठी मी खोटं बोलणारी, हट्टी, बाबांना उपाशी ठेवणारी ताई आहे, आणि तुझा माझ्या शब्दावर विश्वास बसावा असं माझ्याकडे एकच आहे. ते मी कुणालाही सांगणार नव्हते. बाबा जाण्याच्या अकरा दिवस आधी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, हृदय थकलंय, गेल्या काही महिन्यांत सुरू केलेलं डायलिसिस त्यांना आता झेपत नाही, आपण ते थांबवू. आणि म्हणाले, आता पथ्यबिथ्य सोडा, जे मागतील ते द्या. मी हो म्हटलं, घरी आले आणि तांबडे भिजत घातले. नंतर ते पाणी ओतलं, दहा मिनिटं उकळून दुसरंही ओतलं. तिसरंही. बाबा पलंगावरून बघत होते. म्हणाले, "आज थोडं पाणी ठेवतेस का गं? एक कप." मी म्हटलं, पुढचा रिपोर्ट येऊ दे बाबा, मग बघू. पुढचा रिपोर्ट येणारच नव्हता, रक्त घेणंसुद्धा बंद झालं होतं. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळेनंतर विचारलं नाही. मी तो कप दिला असता तर ते जाणार आहेत हे मला मान्य करावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नाही. तेव्हा तू म्हणतोस ते खरं आहे, अकरा दिवसांपुरतं. त्या अकरा दिवसांसाठी तू मला जे म्हणशील ते कमीच आहे. पण त्याआधीची दोन वर्षं मी बरोबर होते, आणि ती दोन वर्षं बाबांना त्याच धुतलेल्या दाण्यांवर मिळाली. माझी चूक मी माझ्या हाताने लिहून तुझ्याकडे देतेय, ती एवढ्याचसाठी की बाकीचं तुला खरं वाटावं. आत्याला वाचून दाखव, सगळ्यांना बोलावून वाचून दाखव. मी आधी गप्प होते, पुढेही गप्प राहीन. पण आधी ऊठ, फ्रिज उघड, आणि ते पाणी ओत.

अजूनही तुझीच,
ताई